पिवळ्या चोंचीचें पाखरूं

विद्यापीठांत प्रवेश मिळणें ही एक गोष्ट आणि विद्यापीठाचा होणें ही दुसरी. पहिली परीक्षेच्या गुणांनीं साधते, कधीं पैशानें साधते. दुसरीला मात्र माणसें लागतात. घर सोडून परमुलखांत शिकावयास आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या रात्रीं ग्रंथालयाच्या वेळापत्रकाची किंवा अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेची फारशी गरज नसते. जेवणाच्या टेबलाशीं "इकडे ये, येथें जागा आहे" असें म्हणणारें कोणीतरी त्याला हवें असतें. हें साधें सत्य विद्यापीठांच्या ध्यानांत यावयास कित्येक शतकें जावीं लागलीं. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत वर्ग सुरू होण्यापूर्वीं कांहीं दिवस नवागतांसाठीं ज्या ऐच्छिक सहली व शिबिरें भरतात, त्यांचा इतिहास म्हणजे या दीर्घ वाटचालीचें अगदीं अलीकडचें प्रकरण होय.

या हकीकतीचा आरंभ युरोपांतील मध्ययुगीन विद्यापीठांत सांपडतो. पॅरिस येथें नव्या विद्यार्थ्याला 'बेजॉनस' म्हणत. 'पिवळी चोंच' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हें नांव पडलें. घरट्यांतून नुकतेंच बाहेर आलेलें, चोंचीचा पिवळेपणा अजून न गेलेलें पाखरूं, तसा हा पोरगा. नांव मोठें गोड आहे. त्यामागचा व्यवहार मात्र गोड नव्हता. जुने विद्यार्थी या पाखराकडून मेजवानीचा खर्च उकळीत, आणि जो देण्यास कां कूं करी त्याची विटंबना करीत. ही वसुली थांबविण्यासाठीं चौदाव्या शतकांत पॅरिस विद्यापीठाला नियम करावे लागले, यावरूनच तिचा जाच केवढा असेल याची कल्पना येते.

जर्मन विद्यापीठांनीं तर या विटंबनेला विधीचें रूप दिलें. नवागत हा शिंगें असलेला पशु आहे असें मानून त्याला शिंगांची टोपी घालीत, तोंडांत रानडुकराचे सुळे बसवीत. मग करवतीनें शिंगें कापण्याचें, चिमट्यानें सुळे उपटण्याचें आणि अंगावर रंधा फिरविण्याचें नाटक होई. अखेर जिभेवर मीठ व मस्तकावर मद्य पडलें म्हणजे पशूचा विद्यार्थी झाला! पंधराव्या शतकाच्या अखेरीस हायडेलबर्ग येथील विद्यार्थ्यांसाठीं छापलेल्या एका लॅटिन संवादपुस्तकांत या प्रकाराचें सविस्तर वर्णन आलें आहे. विटेनबर्ग येथें खुद्द मार्टिन लूथर अशा विधींस हजर राही, आणि पुढील आयुष्यांत जे टक्केटोणपे खावयाचे त्यांचा हा वस्तुपाठ आहे असा त्याचा अर्थ लावी. अठराव्या शतकांत हा विधि बहुतेक ठिकाणीं बंद पडला. परंतु आधीं आला तो माणूस आणि मागून आला तो पशु, ही त्याच्या मुळाशीं असलेली समजूत कांहीं मेली नाहीं.

ती समजूत समुद्र ओलांडून अमेरिकेंतही गेली. मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड कॉलेज १६३६ सालचें. अठराव्या शतकांतील तेथील रिवाज असा होता कीं, पाऊस, गारा किंवा बर्फ पडत असल्यावांचून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें कॉलेजच्या आवारांत डोक्यावर टोपी ठेवूं नये, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थी सांगतील तीं कामें निमूटपणें करावीं. हा चाकरीचा रिवाज पुढें मोडला. पण त्याची जागा दुसऱ्यानें घेतली. सत्राच्या पहिल्या सोमवारीं पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत चेंडूचा सामना होई. चेंडू हें केवळ निमित्त असे. खरा खेळ लाथाबुक्क्यांचा. त्या दिवसाला 'रक्तरंजित सोमवार' असें नांव पडलें, आणि १८६० सालीं अधिकाऱ्यांनीं हा सामना बंद केला. कॉर्नेल विद्यापीठांत तर १८७३ सालीं एका विद्यार्थिमंडळाच्या दीक्षेसाठीं रात्रीच्या अंधारांत नेलेला विद्यार्थी कड्यावरून घळींत पडून प्राणास मुकला. "आम्ही सोसलें, आतां तुम्ही सोसा" या न्यायाला शेवट नसतो, आणि त्याची किंमत नेहमीं सर्वांत शेवटीं आलेला देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठांच्या चालकांनीं नवागताचा भार आपल्याकडे घेण्यास आरंभ केला. बोस्टन विद्यापीठानें १८८८ सालीं नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठजीवनाचा परिचय करून देणारा पाठ्यक्रम काढला. १९२३ सालीं मेन विद्यापीठाचे अध्यक्ष क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनीं याच्या पुढें पाऊल टाकलें. जुने विद्यार्थी परत येण्यापूर्वीं नव्यांना आधीं बोलवावयाचें व एक सबंध आठवडा त्यांच्यासाठींच राखून ठेवावयाचा, अशी त्यांची योजना होती. लिट्ल १९२५ सालीं मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हां ही कल्पनाही त्यांच्याबरोबर तेथें गेली. आणि पाहतां पाहतां असा 'नवागत सप्ताह' देशभर रूढ झाला. त्यांत भाषणें होत, चांचण्या होत, वैद्यकीय तपासणी होई, इमारती दाखविल्या जात. हें सारें आवश्यकच होतें. उणीव एवढीच कीं, सप्ताह संपला म्हणजे मुलाला इमारतींचीं नांवें येत, सोबत्यांचीं येत नसत.

ती उणीव भरून निघाली न्यू हॅम्पशायर संस्थानांतील हॅनोवर या लहानशा गांवीं. तेथील डार्टमथ कॉलेज १७६९ सालीं, कनेक्टिकट नदीच्या कांठीं, भर रानांत स्थापन झालें. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं जॉन लेडयार्ड नांवाच्या तरुणाचें मन वर्गांत रमेना. १७७३ च्या वसंतांत त्यानें देवदाराचा एक प्रचंड ओंडका कोरून होडी केली, आणि नदीच्या प्रवाहाबरोबर सरळ हार्टफर्डपर्यंत निघून गेला. हाच लेडयार्ड पुढें कॅप्टन कुकच्या अखेरच्या सफरीवर गेला व १७८९ सालीं कैरो येथें मरण पावला. कॉलेज सोडून गेलेला विद्यार्थी त्या कॉलेजचें दैवत होऊन बसावा, हें नवल खरें. परंतु रान, नदी व डोंगर यांचें डार्टमथचें वेड पाहिलें म्हणजे त्याची संगति लागते.

या वेडाला व्यवस्थित रूप दिलें फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्यानें. न्यू हॅम्पशायरचा हिंवाळा म्हणजे महिनोन्महिने बर्फ. विद्यार्थी खोल्यांत कोंडून घेऊन बसत. १९०९ च्या डिसेंबरांत हॅरिसनें विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत पत्र लिहून, बर्फावरून घसरण्याचे व डोंगर चढण्याचे खेळ खेळणारें मंडळ काढावें असें सुचविलें. त्यांतून 'डार्टमथ आउटिंग क्लब' उभा राहिला. या मंडळानें रानांत वाटा पाडल्या, झोंपड्या बांधल्या. आणि १९३५ सालीं नव्या विद्यार्थ्यांना वर्ग सुरू होण्यापूर्वीं डोंगरांत नेण्याचा प्रघात पाडला. येणें न येणें ज्याच्या त्याच्या खुशीवर होतें. पुढें १९३८ च्या सुमारास मूसिलॉक डोंगराच्या पायथ्याशीं, रॉस मॅकेनी या मेनमधील कसबी वनचराच्या देखरेखीखालीं, ओंडक्यांचें एक प्रशस्त विश्रामगृह बांधण्यांत आलें. मूसिलॉकची उंची ४,८०२ फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईहून तो सुमारें सहाशें फूट ठेंगणा. पण नवख्या पायांना तेवढाही पुरे होतो.

या सहलींची रीत मोठी मनोरंजक आहे. आठदहा नवागतांची एक तुकडी. तिच्याबरोबर दोन वरच्या वर्गांतील विद्यार्थी. प्राध्यापक नाहीं, अधिकारी नाहीं. कोणी पायीं जातें, कोणी होडींतून, कोणी शेतावर राबावयास. वाटाड्या विद्यार्थी वेतन घेत नाहींत. जखमेवर पट्टी कशी बांधावी हें मात्र त्यांना आधीं शिकावें लागतें. एक दोन रात्री रानांत काढून तुकड्या मूसिलॉकच्या विश्रामगृहीं येतात. तेथें जुने विद्यार्थी स्वतः स्वयंपाक करून नव्यांना वाढतात, आणि विचित्र पोषाख करून त्यांच्यापुढें नाचतात. सकाळच्या न्याहारीला हिरव्या रंगाचीं अंडीं मिळतात. डॉक्टर सूस या नांवानें बालवाङ्मय लिहिणारे थिओडोर गायझल हे १९२५ सालचे डार्टमथचे पदवीधर. त्यांच्या एका पुस्तकांतील पदार्थाची ही आठवण.

यांतील मर्म हिरव्या अंड्यांत नाहीं, वाढणाऱ्या हातांत आहे. पॅरिसला पाखराकडून मेजवानी उकळीत; मूसिलॉकला पाखराला मेजवानी देतात. हायडेलबर्गला नवागताला हास्यास्पद करीत; मूसिलॉकला जुने विद्यार्थी स्वतःच हास्यास्पद होऊन त्याची भीड मोडतात. शेंकडों वर्षांचा न्याय एका स्वयंपाकघरांत उलटा झाला. शिवाय जो आज वाढून घेतो, त्यालाच पुढच्या वर्षीं वाढावेंसें वाटतें. "आम्हीं सोसलें" याची साखळी जशी तुटत नाहीं, तशी "आम्हांला मिळालें" याचीही तुटत नाहीं. १९७२ सालीं डार्टमथनें स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हां इतकीं वर्षें मुलांपुरती असलेली ही पंगत मुलींसाठींही मोकळी झाली. विश्रामगृहाची जुनी इमारत पाडून २०१७ सालीं तेथें नवी बांधली गेली. पण रीत मोडली नाहीं.

या कल्पनेला दुसरीकडूनही बळ मिळालें. हिटलरच्या जर्मनींतून निघून ब्रिटनमध्यें आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनीं १९४१ सालीं वेल्समधील अॅबरडोव्ही येथें 'आउटवर्ड बाउंड' नांवाची शाळा काढली. युद्धांत जहाज बुडालें असतां तरणेबांड खलाशी धीर सोडतात आणि वयस्क खलाशी तग धरतात, असा अनुभव सांगितला जाई. तेव्हां शरीराइतकेंच मनही कसाला लावून तयार केलें पाहिजे, असें या शाळेचें ब्रीद होतें. ही पद्धति १९६२ सालीं कोलोरॅडोंतील शाळेच्या रूपानें अमेरिकेंत आली. अॅरिझोनांतील प्रेस्कॉट कॉलेजनें १९६८ सालीं आपल्या नवागतांना प्रथम रानांत पाठविलें. त्यानंतरच्या दशकांत प्रिन्स्टननें असा उपक्रम सुरू केला, आणि १९७९ सालीं हार्वर्डनेंही. पुढें डोंगरांच्या जोडीला इतर वाटा निघाल्या. कोणी शहरांतील वस्त्यांत सेवेला जाऊं लागलें, कोणी नाट्यसंगीतांत रमूं लागलें. परदेशांतून येणाऱ्यांसाठींही निराळीं शिबिरें भरूं लागलीं.

येथवर हा इतिहास प्रगतीचा वाटतो. आणि तो आहेही. पण याच ठिकाणीं एक अवघड प्रश्न उभा राहतो. 'ऐच्छिक' हा शब्द ऐकावयास उदार वाटतो. परंतु इच्छा करावयासही ऐपत लागते. सहलीला शुल्क असतें, पायांत चांगले बूट लागतात, आणि सुट्टींतील मजुरीचा शेवटचा आठवडा सोडावा लागतो. ज्याच्या घरांत आजवर कोणी विद्यापीठाची पायरी चढलेलें नाहीं, त्याला अशा सहलीचा उपयोग काय हेंच सांगणारें कोणी नसतें. म्हणजे ज्याला सोबत्यांची गरज सर्वांत अधिक, तोच मागें राहतो; आणि वर्ग सुरू होतात तेव्हां इतरांच्या मैत्रीचे घोळके जमून गेलेले असतात.

हार्वर्डमध्यें हा विरोध फार ठळक दिसला. तेथें वर्गांपूर्वीं येऊन वसतिगृहांच्या खोल्या व न्हाणीघरें साफ करण्याचें कामही नवागतांना मिळे, आणि त्याचे पैसे मिळत. साहजिकच कांहीं मुलें डोंगर चढत असतां गरजू मुलें त्यांच्याच खोल्या झाडीत. ती मजुरी प्रामाणिक होती, आणि अनेकांना तेथें जिवाभावाचे मित्रही लाभले, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तरी बरोबरीच्या सोबत्यांत पहिली ओळख झाडूच्या साक्षीनें व्हावी, यांतील शल्य समाजशास्त्रज्ञ अँथनी अब्राहम जॅक यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द प्रिव्हिलेज्ड पूअर' या ग्रंथांत, विद्यापीठाचें नांव झांकून ठेवून, उघड केलें. अशा मुलांसाठींच एक निराळें शिबिर हार्वर्डमध्यें २०१८ सालीं सुरू झालें होतें.

यावर उपाय दोन निघाले. डार्टमथनें सहल ऐच्छिकच ठेवली, पण गरजूंना शुल्कांत मदत दिली. तेथें नवागतांपैकीं फार मोठा भाग सहलीला जातो. प्रिन्स्टननें एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत निराळा मार्ग धरला. डोंगर, समाजसेवा किंवा परस्परसंवाद यांपैकीं कोणता गट घ्यावयाचा हें विद्यार्थ्यानें ठरवावें. पण कोणत्यातरी एका लहान गटांत असणें सर्वांना आवश्यक. पहिल्या मार्गांत मोकळीक अधिक आहे, दुसऱ्यांत कोणी सुटून जात नाहीं. सक्तीनें मैत्री होत नाहीं हें खरेंच. परंतु ज्याला बोलावणेंच पोंचलें नाहीं त्याच्या मोकळीकीलाही अर्थ नसतो. मदतीची सोय पत्रकाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापण्याऐवजीं जर कोणी प्रत्येक घरीं स्वतः कळविली, तर पहिला मार्गही दुसऱ्याइतकाच पूर्ण ठरेल.

हा प्रश्न केवळ परदेशचा नाहीं. आपल्याकडेही पिवळ्या चोंचीच्या पाखरांचे हाल झाले, आणि ते थांबविण्यासाठीं महाराष्ट्रानें १९९९ सालीं रॅगिंगविरुद्ध कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं देशभरासाठीं नियम केले, आणि २०१९ सालीं 'दीक्षारंभ' या नांवानें नवागतांच्या स्वागताची रूपरेषा आंखून दिली. कायद्यानें अपमान थांबतो. आपुलकी उत्पन्न करणें कायद्याच्या हातीं नाहीं. तें काम आधीं आलेल्यांचें आहे. मराठी घरांतून जो मुलगा किंवा जी मुलगी आज सातासमुद्रांपलीकडे शिकावयास निघते, तिच्या हातांतही प्रवेशपत्राबरोबर अशा एखाद्या शिबिराचें पत्रक पडतें. आणि आधींच विमानाच्या भाड्यानें वांकलेले वडील तें अनावश्यक खर्च म्हणून बाजूला ठेवूं पाहतात. त्यांनीं तें एकवार नीट वाचावें, आणि शुल्कांत सवलत आहे कीं काय हें संकोच न करतां विचारावें. पंगत मांडलेली असली, तरी कोणाचें पान रिकामें राहिलें हें पाहणें हें यजमानाचें काम असतें. पण पाहुण्याच्या घरच्यांनींही त्याला वेळेवर निघूं दिलें पाहिजे.