सिबिल आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी

सिबिल : कर्जदाराने आजवरची कर्जे कशी फेडली यावरून काढलेला, ३०० ते ९०० या टप्प्यातला तीन आकडी गुणांक. कागदोपत्री त्याला पतगुणांक म्हणतात, पण बँकेच्या काउंटरवर, मोटारसायकलच्या शोरूममध्ये आणि आता लग्नाच्या बोलणीतही ‘सिबिल’ हेच नाव चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापूरची एक बातमी देशभर गाजली. मुलीच्या मामाने नवऱ्या मुलाचे सिबिल पाहायला मागितले, त्यात कर्जांची रांग निघाली आणि ठरत आलेले लग्न मोडले.

सिद्दीकी समितीच्या शिफारशींनंतर ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून सिबिल हे नाव आले. व्यक्तींच्या कर्जाची माहिती ती २००४ पासून देऊ लागली, गुणांक २००७ मध्ये आला. या व्यवसायाचा कायदा २००५ चा आहे. पुढे अमेरिकेच्या ट्रान्सयुनियनने कंपनीतला बहुतांश हिस्सा घेतला. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. प्रत्येकीचे गणित वेगळे असल्याने एकाच माणसाचे चार आकडे थोडे वेगवेगळे येतात.

पगार, बँकेतली शिल्लक, मुदतठेव, गावाकडची जमीन यांतले काहीही गुणांकात मोजले जात नाही. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरली, खाती किती जुनी आहेत, तारणी आणि विनातारण कर्जांचे प्रमाण काय, गेल्या काही महिन्यांत किती ठिकाणी नव्या कर्जासाठी अर्ज केले, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे आयुष्यभर रोखीने व्यवहार केलेल्या, एक पैसा उधार न घेतलेल्या माणसाच्या अहवालात गुणांकाच्या जागी ‘उणे १’ किंवा ‘इतिहास नाही’ असा शेरा येतो. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बजावले आहे. आपला अहवाल आपण स्वतः पाहिला तर गुणांक घसरतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. घसरण होते ती आठवड्याभरात चार-पाच कर्जदात्यांकडे अर्ज टाकल्यावर.

गुणांक अनेकदा बिघडतो तो क्रेडिट कार्डामुळे. हे कार्ड भारतात नवे नाही. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्येच आपले ‘सेंट्रलकार्ड’ आणले होते. कार्डावर खरेदीच्या तारखेपासून सुमारे ४५ ते ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते, पण बिल पूर्ण भरले तरच. थोडी जरी रक्कम मागे ठेवली तरी ही मुदत जाते, उरलेल्या रकमेवर व्यवहाराच्या दिवसापासून व्याज लागते आणि पुढच्या महिन्यातली नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात जाते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते, शुल्क वेगळे.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात : एकूण देय आणि किमान देय. दुसरी रक्कम, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मिनिमम’, साधारणपणे एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते आणि सगळी गोम तिथेच आहे. समजा ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, मिळून २,०६५. किमान देय म्हणून २,५०० रुपये भरले की मुद्दल कमी होते ते अवघे ४३५ रुपयांनी. दुसरीकडे, किमान रक्कम वेळेवर भरली म्हणून अहवालात थकबाकीचा शेरा पडत नाही. वापरलेल्या मर्यादेचे प्रमाण फार नसेल तर हा माणूस वर्षानुवर्षे व्याज भरत राहतो आणि त्याचे सिबिल तरीही बऱ्यापैकी दिसते. गुणांक काढला जातो तो कर्ज देणाऱ्याच्या पैशांना किती धोका आहे हे सांगण्यासाठी. कर्जदाराच्या घरखर्चाचे काय होते, हे त्यातून कळत नाही.

दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि काही कार्डांचा दर याहूनही चढा असतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगर-शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. बँकांना तो कायदा लागू नाही. कार्डांच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये दिला होता, पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दर ठरवणे हे आयोगाचे नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतले काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. थोडक्यात, आज वरची मर्यादा नाही.

त्यामुळे फेडीचा क्रम ठरवताना दर पाहावा लागतो. दोन-तीन कर्जे असतील तर सर्वांवरचे किमान हप्ते सांभाळून उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत महागड्या कर्जावर, म्हणजे बहुधा कार्डावर, टाकणे हिशेबाने सर्वांत स्वस्त पडते. आधी सर्वांत लहान कर्ज संपवण्याची पद्धतही लोकप्रिय आहे. तिच्यात व्याज थोडे अधिक जाते, पण एक खाते लवकर बंद होते आणि हुरूप टिकतो. अनेक मराठी घरांत मुदतठेव अडीअडचणीसाठी म्हणून जपली जाते आणि त्याच वेळी कार्डावर ४२ टक्के भरले जातात. सात टक्क्यांची ठेव मोडायला जीव होत नाही, पण आकड्यांचा कौल सरळ आहे. सोनेतारण कर्ज किंवा वैयक्तिक कर्ज काढून कार्ड चुकते करणेही फायद्याचे ठरते, अर्थात रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरले नाही तर. बिलाचे हप्ते पाडून घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी आधी विचारून घ्यावा.

‘सेटलमेंट’ हा शेवटचा मार्ग. वसुलीवाले फोन करून सव्वा लाखाच्या थकबाकीवर साठ हजारांत प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवतात, आणि थकलेल्या माणसाला ती सुटका वाटते. कर्ज खरोखर हलके होते. पण अहवालात खाते ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढचा बँक अधिकारी त्याचा अर्थ बँकेने पैसे सोडले असाच लावतो. अशी नोंद वर्षानुवर्षे दिसत राहते. कोणताही तोडगा लेखी घेतल्याशिवाय आणि शेवटी थकबाकी नसल्याचे पत्र हाती आल्याशिवाय पुरा झाला असे मानू नये. वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

जुने कार्ड रागाच्या भरात बंद करण्याआधी एक हिशेब करावा. एक लाख आणि पन्नास हजार मर्यादेच्या दोन कार्डांवर मिळून ४०,००० रुपये खर्च होत असतील तर वापर सुमारे २७ टक्के होतो. मोठे कार्ड बंद केले की तोच खर्च ८० टक्के दिसू लागतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा या क्षेत्रातला ढोबळ संकेत आहे. तरीही वार्षिक शुल्क खाणारे आणि न वापरलेले कार्ड बंदच करायचे असेल, तर थकबाकी नसताना केलेला अर्ज बँकेने सात कामकाजी दिवसांत निकाली काढला पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा नियम २०२२ चा. त्याच नियमावलीनुसार देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्यावरच खाते थकीत म्हणून कळवता येते.

पीककर्जासाठी सिबिल पाहायचे की नाही, हा महाराष्ट्रात राजकीय प्रश्न झाला आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शेतकऱ्यांकडे सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. नोकरीच्या बाबतीत वारे उलटे वाहते. खराब सिबिलमुळे स्टेट बँकेने रद्द केलेली एका उमेदवाराची नियुक्ती मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये रद्दच राहू दिली.

अहवालात चुका होतात. फेडलेले कर्ज चालू दिसते, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या माथी येते. चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. एवढ्यानेही भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. या कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.