आट्यांचा करार

भंगारात पडलेल्या तीन सायकलींतून एक सायकल उभी करता येते, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे कोणत्या कारखान्याची शिस्त, कोणत्या मापांचा अंमल आणि किती पिढ्यांच्या कारागिरांची संमती आहे, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. पोलादी शर्यती सायकलीच्या जीर्णोद्धाराचा इतिहास हा प्रथमतः तिच्या आट्यांचा इतिहास आहे, आणि त्याचा उगम बंदुकीच्या कारखान्यात आहे.

बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन बी.एस.ए. ही कंपनी स्थापिली, तेव्हा एका बंदुकीचा सुटा भाग दुसऱ्या बंदुकीत कानस न लावता बसला पाहिजे, हा दंडक तेथे रुजला. १८९३ पासून याच कारखान्यातून सायकलीचे हब बाहेर पडू लागले, आणि पुढे तीन बंदुकांची मोहर असलेले कंपनीचे सुटे भाग विकत घेऊन गल्लीबोळांतील लहान कारागीरही सायकली बांधू लागले. पेडलांचा एक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो, तिचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, हे माप इंग्लंडमधील बहुतेक कारागिरांनी अंगीकारले. तिच्या उजव्या बाजूच्या, एक्सलचे छर्रे धरणाऱ्या वाटीला आटे उलटे असतात. पायांच्या गतीने ती वाटी हळूहळू सैल होऊ पाहते, आणि उलटा आटा त्या गतीलाच तिला आवळावयास लावतो. इटालीने ३६ मिलिमीटरचे माप घेऊन दोन्ही बाजूंचे आटे सुलटे ठेवले, फ्रान्सने ३५ मिलिमीटर पसंत केले. त्यामुळे भंगारातला सांगाडा हाती आला, की त्याचा मुलूख प्रथम ओळखावा लागतो.

आटे जुळले तरी नळी टिकली पाहिजे. बर्मिंगहॅमचे रेनॉल्ड्स हे घराणे १८४१ पासून खिळे करीत असे. १८९७ साली त्यांनी टोकांना जाड व मध्यभागी पातळ अशा नळीचे पेटंट घेतले, आणि १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाची ‘५३१’ ही नळी बाजारात आणली. हेचिन्स, क्लॉड बटलर यांसारख्या लंडनच्या नामांकित कारागिरांच्या हातून त्या नळ्यांच्या हलक्या सायकली घडल्या. नळ्यांची टोके लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या पोलादी खोबणीत, बसवून पितळेने झाळली जात. पितळ सुमारे ९०० अंशांवर वितळते आणि पोलाद सुमारे १५०० अंशांवर, म्हणून सांधा जोडतानाही नळीचे सामर्थ्य बव्हंशी शाबूत राहते. याच गुणामुळे चेंबलेली नळी पितळ वितळवून काढता येते आणि तिच्या जागी दुसरी बसविता येते. पोलादी सायकलीला पुनर्जन्म आहे तो या झाळीच्या बळावर, आणि तिच्या सर्व गुणांत मला हाच श्रेष्ठ वाटतो.

जीर्णोद्धाराचे बहुतांश काम मात्र वैभवाचे नसून चिकाटीचे असते. क्रँकला एक्सलशी जखडणारी कॉटर ही पाचर ठोकण्यापूर्वी क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेका द्यावा लागतो, एरवी हातोड्याचा सारा मार छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो. पोलादी नळीत वर्षानुवर्षे न हललेला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट ओलाव्याच्या योगाने दोन धातूंत क्षरण होऊन असा घट्ट बसतो की तेलाने व उष्णतेने न सुटल्यास कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो विरघळवावा लागतो. पोलादाला त्याने इजा होत नाही. स्टर्मी-आर्चर या कंपनीच्या अनेक गिअर-हबांच्या कवचावर साल कोरलेले सापडते, तथापि तो दाखला त्या हबापुरताच मानावा, कारण चाके आयुष्यात किती वेळा बदलली गेली याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. मूळ रंग निम्मा जरी टिकला असेल, तर तो खरवडून नव्या रंगाचा झगमगाट करणे मला इतिहासाशी द्रोह केल्यासारखे वाटते.

आट्यांची ही विलायती मापे जहाजांतून आपल्याकडेही आली. बी.एस.ए., रॅले, हर्क्युलीस ही नावे पुण्याच्या वाड्यांत घरातल्या माणसांइतकी परिचित होती, आणि सायकल-कराचा बिल्ला हा त्या काळच्या पुणेकराच्या संसाराचा भाग होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या इंग्लिश कंपनीच्या भागीदारीने सायकलींचा कारखाना निघाला, तिच्याच समूहात इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्सही मोडत असे. विलायती घडणीची परंपरा अशी इथल्या मातीत रुजली, आणि जुन्या बाजारातल्या ढिगातून जुळता भाग शोधणाऱ्यास आजही तिचा आधार होतो.

इंचाला २४ आट्यांच्या या अलिखित करारातून रॅलेने मात्र स्वतःला वगळले होते. नॉटिंगहॅमच्या त्या अवाढव्य कारखान्याने वाटीला इंचामागे २४ ऐवजी २६ आटे ठेवले, आणि स्वतःचे भाग स्वतः घडविणाऱ्यास त्याची अडचण भासली नाही. नॉटिंगहॅममधील ती निर्मिती २००२ पर्यंत संपुष्टात आली, अडचण मात्र मागे राहिली. नळी खोदून तिच्यात २४ आटे पाडण्याची तजवीज काही कारागीर करतात. मला ती मान्य नाही, कारण त्या नळीचे मूळ माप एकदा गेले की गेले. रॅलेचा वाकलेला, निरुपयोगी सांगाडा भंगारात दिसला, तर त्याच्या वाट्या आणि एक्सल आधी सोडवून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावेत. एखाद्या सुस्थितीतल्या रॅलेला ते लागणारच आहेत.