सीरोसीन

सीरियम या लँथॅनाइड धातूचे कार्बनी-धातू संयुग. यात आठ कार्बनांच्या दोन समांतर वलयांमध्ये सीरियमचा एक अणू असतो. वलय सायक्लोऑक्टाटेट्राईनचे, एरवी ते द्रोणासारखे वाकलेले असते, पण दोन जादा इलेक्ट्रॉन मिळाले की सपाट होते. अशाच दोन वलयांमध्ये धातू असलेल्या संयुगांपैकी लोखंडाचे फेरोसीन १९५१ मध्ये, तर युरेनियमचे युरेनोसीन १९६८ मध्ये बर्कलीत प्रसिद्धीस आले. सीरोसीनची नोंद ग्रेको व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये केली. हवेत ते टिकत नाही.

यातल्या सीरियमची ऑक्सिडीकरण अवस्था कोणती, यावर रसायनशास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला. प्रत्येक वलयाला दोन ऋणभार दिले, तर सीरियमच्या वाट्याला +४ येते, आणि १९८५ मध्ये स्ट्राइटवीझर यांच्या गटाने त्याला तसेच संबोधले. सीरियमला ही अवस्था नवखी नाही. गोदाकाठची काळी जमीन ज्या बेसाल्टपासून झाली, त्यातही तो अल्पांशाने असतो, आणि खडक झिजताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातला काही +४ होऊ शकतो. तरीही सीरोसीनला ही संख्या चिकटवणे घाईचे आहे. १९९१ मध्ये डोल्ग, फुल्डे आदींच्या गणिताने दाखवले, की मूळ स्थितीत +३चा वाटा मोठा आहे: ४एफ कक्षकात एक इलेक्ट्रॉन, आणि त्याच्याशी उलट फिरकीने जोडलेला दुसरा वलयांवर. १९९६ मधील क्ष-किरण शोषणाचे मापनही +३कडे झुकले.

यावर आक्षेप असा, की एफ-इलेक्ट्रॉन असेल तर पदार्थ चुंबकाला ठळक प्रतिसाद देईल, आणि थंडीत तो वाढेल. पण जोडीतल्या फिरक्या परस्परांना निष्प्रभ करतात. २००५ च्या मापनात चुंबकीय प्रतिसाद क्षीण, तापमानाशी जवळजवळ न बदलणारा आढळला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: केरिज यांनी व पुढे खुद्द डोल्ग यांनीही दाखवले, की कक्षक वेगळे निवडले तर त्याच रेणूचे वर्णन +४ असेही करता येते. मात्र यातून +४ सिद्ध होत नाही. कक्षकांची निवड गणित करणाऱ्याची, रेणूची नव्हे. मग सरळ +३ का म्हणू नये? कारण त्याच दोन वलयांचा, एक इलेक्ट्रॉन जादा असलेला ऋण आयन उपलब्ध आहे. त्यात सीरियम निःसंशय +३ असतो, आणि त्याचे चुंबकत्व तापमानानुसार बदलते. सीरोसीनचे तसे बदलत नाही.