होमोसिस्टीन : वृद्धांच्या रक्तवाहिन्या व स्मरणशक्तीशी निगडित घटक

जयपूर : वृद्धापकाळातील विसराळूपणा हा वयाचाच परिणाम मानून अनेकदा दुर्लक्षिला जातो. मात्र त्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे उपचारसाध्य कारण असू शकते. रक्तातील होमोसिस्टीनची वाढलेली पातळी ही त्या कमतरतेची एक खूण आहे. जीवसृष्टीत बी-१२ प्रामुख्याने प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१४ मधील पायाभूत सर्वेक्षणानुसार राजस्थानातील सुमारे ७५ टक्के लोक शाकाहारी आहेत. त्यामुळे जयपूरमधील ज्येष्ठांसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

होमोसिस्टीन म्हणजे काय?

मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या चयापचयात होमोसिस्टीन तयार होते. बी-१२, फोलेट आणि बी-६ यांच्या साहाय्याने शरीर त्याचे रूपांतर करते. ही जीवनसत्त्वे कमी पडल्यास किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास ते रक्तात साचते. लिटरमागे १५ मायक्रोमोलपेक्षा अधिक पातळी सामान्यतः वाढीव समजली जाते.

संशोधन काय सांगते?

आनुवंशिक विकारामुळे होमोसिस्टीन वाढलेल्या बालकांच्या धमन्यांची हानी झाल्याचे किल्मर मॅककली यांनी १९६९ मध्ये दाखवले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १,०९२ वृद्धांच्या पाहणीत १४ मायक्रोमोलपेक्षा अधिक पातळी असलेल्यांना अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट आढळला. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी, तर ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन अधिक आढळले.

उपचारांची मर्यादा

पातळी घटली म्हणजे आजार टळला, असे मात्र नाही. ‘होप-२’ या ५,५२२ रुग्णांवरील चाचणीत जीवनसत्त्वांमुळे होमोसिस्टीन कमी झाले. पण हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. ऑक्सफर्ड येथील २०१० च्या चाचणीत सौम्य स्मृतिदोष असलेल्या ७० वर्षांवरील व्यक्तींच्या मेंदूचे आकुंचन बी जीवनसत्त्वांमुळे सुमारे ३० टक्क्यांनी मंदावले. तथापि, या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश रोखता येतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

तपासणी कोणी करावी?

विस्मरण, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा सततचा थकवा जाणवत असल्यास वैद्यकीय सल्ल्याने बी-१२ तपासणे योग्य ठरते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा दीर्घकाळ आम्लपित्ताची औषधे घेणाऱ्यांनी आणि जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी अधिक दक्ष राहावे. दूध-दह्यातून काही प्रमाणात बी-१२ मिळते. परंतु वयोमानानुसार त्याचे शोषण घटते. बी-१२ न तपासता केवळ फोलिक आम्ल घेऊ नये. त्याने रक्तक्षय सुधारला तरी मज्जासंस्थेची हानी सुरूच राहू शकते. कमतरतेवर गोळ्या किंवा इंजेक्शने उपलब्ध आहेत. मात्र विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची ठरू शकते.

रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण, तंबाखूचा त्याग आणि नियमित व्यायाम हेच रक्तवाहिन्यांच्या आरोग्याचे मुख्य आधार आहेत.