ही कुत्री कुणाची?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा माळा आवरताना जुन्या फोटोंची एक सीडी सापडली. वर स्केचपेनने 'क्रुगर, डिसें. २००९' असं दादाच्या अक्षरात लिहिलेलं. तेव्हा दादा-वहिनी जोहान्सबर्गला होते आणि आई, मी, आमची सौ. असे तिघे तिकडे महिनाभर गेलो होतो. सीडी चक्क चालली! हत्तींचे चाळीसेक फोटो, जिराफांचे तितकेच, एका सिंहिणीच्या नुसत्या शेपटीचे सात. आणि एकच फोटो असा, की ज्यात झाडाखाली सावलीत काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं पडलंय. तोही हललेला.

तर झालं होतं असं. स्कुकुझाहून लोअर साबीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी आम्ही सिंह शोधत होतो. कुणीतरी 'पुढे सिंह दिसलाय' असं सांगितलेलं, त्यामुळे दादा घाईत. वाटेत हा घोळका दिसला. दादाने गाडी हळू केली, मी खिडकीतून एक फोटो काढला, आणि मागच्या सीटवरून आईने विचारलं, "अरे, ही कुत्री कुणाची?"

"कुणाची नाहीत गं, तरस असतील," असं म्हणून दादाने गाडी पुढे काढली. दोन मिनिटंसुद्धा थांबलो नसू. सिंह अर्थातच मिळाला नाही. आई मात्र संध्याकाळपर्यंत त्या कुत्र्यांबद्दलच बोलत होती. "कशी एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती, आपल्या वाड्यातली पोरं गच्चीवर झोपायची तशी. बघ रे कधी वाचून, कोण असतात ती."

मी 'हो' म्हटलं आणि विसरलो. त्या 'हो'ची परतफेड म्हणून हा लेख. उशीर झालाय, पण असो.

दादा, तू हे वाचत असशील तर आधी तुझ्यासाठी. तरस समजणारा तू पहिला नाहीस. १८२० साली टेमिंक नावाच्या डच प्राणिशास्त्रज्ञाने, म्हणजे लायडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या पहिल्या संचालकाने, मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आलेला एक नमुना पाहिला आणि त्याला नाव दिलं 'हायना पिक्टा', म्हणजे 'रंगवलेला तरस'. तेव्हा तू फार मोठ्या माणसांच्या पंगतीत बसला आहेस! पुढे १८२७ मध्ये ब्रूक्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने ही चूक दुरुस्त केली. हा तरस नव्हे, कुत्र्या-लांडग्यांच्या कुळातला, पण स्वतंत्र. म्हणून त्याने वेगळी प्रजातीच मांडली, 'लायकेऑन'. ग्रीक पुराणात झ्यूसने शाप देऊन ज्या राजाला लांडगा केलं, त्याचं हे नाव. आज शास्त्रीय नाव 'लायकेऑन पिक्टस'. स्वाहिलीत म्हणतात 'म्ब्वा म्विटू', म्हणजे रानकुत्रा. इंग्रजांनीही तेच नाव उचललं, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच झाला.

कारण 'जंगली कुत्रा' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पाळलेलं, मग सुटलेलं, माजलेलं कुत्रं. हा प्राणी तसा कधीच नव्हता. त्याला माणसाने कधी पाळलं नाही, आणि त्याचं आपल्या मोत्या-राजाशी लग्न जमत नाही. वजन वीस-तीस किलो, कान मोठे आणि बशीसारखे गोल. पुढच्या पायाला कुत्र्याला वर एक जास्तीचं नख असतं तेही याला नाही, चारच बोटं. अंगावर काळा, पिवळा, पांढरा आणि तपकिरी रंग असे सांडलेले, की एकाचे पट्टे दुसऱ्यासारखे नाहीत. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखंच.

पण हिंदीत म्हणतात ना, 'बद अच्छा, बदनाम बुरा'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत राखीव जंगलं होऊ लागली ती मुख्यतः हरणांसाठी. शिकारी साहेबांना हरणं हवी होती. मग हरणं खाणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरला. आम्ही जिथे मुक्कामाला होतो ते स्कुकुझा हे नाव मुळात एका माणसाचं. साबी अभयारण्याचा पहिला वॉर्डन स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ मध्ये तिथे आला. स्थानिक लोकांनी त्याला दिलेलं हे नाव, अर्थ साधारण 'सगळं झाडून साफ करणारा'. त्याच्या काळात हरणांचे कळप वाढावेत म्हणून सिंह, चित्ते, रानकुत्रे मारणं हे रखवालदारांचं रोजचं काम होतं. पुढे त्याचं स्वतःचं मत निवळत गेलं, पण गोळ्या सुटायच्या त्या सुटल्या. १९१४ मध्ये मॉम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने झांबेझीकाठच्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात तर रानकुत्र्याचा समूळ नायनाट व्हावा अशी इच्छाच बोलून दाखवली आहे. आणि गंमत म्हणजे हे सगळं वन्यप्राण्यांच्या रक्षणाच्या नावाखाली! ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, हा प्राणी कायद्यानेच 'उपद्रवी' होता. सेरेंगेटीतही एकेकाळी वनरक्षक त्याला दिसेल तिथे टिपत.

एवढा राग कशाचा? त्याच्या जेवणाच्या पद्धतीचा. सिंह गळा धरतो आणि जनावर गुदमरून मरतं. बघणाऱ्याला ते शांत वाटतं. रानकुत्रे धावत्या हरणाला सगळे मिळून पकडतात आणि तिथेच फाडतात. मृत्यू बहुतेक वेळा लवकर येतो, पण दिसतो भयंकर. साहेबाला क्रौर्य दिसलं ते डोळ्यांना, हिशेबाला नव्हे. शिवाय 'यांच्या तावडीतून काही सुटत नाही' ही ख्याती. २०१६ मध्ये बोट्स्वानातल्या सहा रानकुत्र्यांच्या पट्ट्यांवर यंत्रं बसवून हजाराहून जास्त पाठलाग मोजले, तेव्हा एकेकट्याच्या पाठलागाचं यश निघालं साधारण १५ टक्के. म्हणजे सहा-सात वेळा धावावं तेव्हा एकदा जेवण. मग पोट भरतं कसं? तर सगळे धावतात, एकाला मिळालं की सगळे खातात.

आणि खाण्याचा क्रमही ऐका. सिंहांत आधी वनराज, पिल्लांना उरलंसुरलं. इथे शिकारीवर पहिला मान पिल्लांचा. बिळाशी राहिलेल्यांसाठी, आई आणि राखणदारासाठी बाकीचे पोटात घालून आणतात आणि तिथे ओकून देतात. लंगडा, जखमी, म्हातारा असेल तर त्यालाही वाटा मिळतो. कळपात बहुधा एकाच जोडीला पिल्लं होतात, एका वेळी दहा-दहा, आणि वाढवतात सगळे मिळून. आईने दोन मिनिटांत जे पाहिलं ते मला पुस्तकांतून कळायला इतकी वर्षं लागली.

(शिंकांचंही सांगायलाच हवं. २०१७ मध्ये बोट्स्वानातल्याच अभ्यासकांच्या लक्षात आलं, की शिकारीला निघायचं की नाही हे कळप शिंका देऊन ठरवतो. मुख्य जोडीपैकी कुणी उठलं असेल तर तीनेक शिंका पुरतात, दुसऱ्या कुणी उठवलं तर दहाएक लागतात. आमच्या सोसायटीच्या सभेत हे सुरू करावं असा माझा प्रस्ताव आहे.)

पण म्हणून त्यांना साधुसंत करू नये. ह्यूगो व्हॅन लाविक या छायाचित्रकाराने १९७०च्या सुमारास सेरेंगेटीत 'चंगीझ' नावाच्या कळपामागे महिने घालवले. त्यात हॅवक ही मुख्य मादी आणि एंजल ही दुय्यम. एंजलला पिल्लं झाली, ती हॅवकने एकेक करून मारली. एकच मादी पिल्लू उरलं, तिचं नाव सोलो. कळप पुढे निघाला तेव्हा ते इवलं पिल्लू मागे पडत गेलं. शेवटी व्हॅन लाविकला बघवेना. त्याने तिला उचलली, जगवली आणि पुढे दुसऱ्या कळपात सोडली. सोलोवर त्याने पुस्तक लिहिलं, रानकुत्र्यांवर सिनेमा केला. 'खाटीक' म्हणून ठाऊक असलेल्या प्राण्याला लोकांनी पहिल्यांदा नावानिशी पाहिलं. निसर्गात ढवळाढवळ करू नये हे मलाही पटतं. पण त्या जागी मी असतो तर? मीही उचललं असतं बहुतेक.

ढवळाढवळीचा प्रश्न पुढे फार कडू झाला. १९९१ मध्ये सेरेंगेटीतले अभ्यासाखालचे सगळे कळप नाहीसे झाले. त्याआधी दोन वर्षांत त्या भागात पिसाळ रोग आढळला होता, आणि तो गावातल्या पाळीव कुत्र्यांतून येतो. पण बरोज नावाच्या अभ्यासकाने उलटाच आरोप केला. त्याचं म्हणणं असं, की रेडिओचे पट्टे बांधायला, लस टोचायला त्यांना बेशुद्ध केलंत, त्या ताणाने दबलेला रोग उसळला, तुम्हीच त्यांना मारलंत. केवढा आरोप! वर्षानुवर्षं भांडण चाललं. पुढच्या अभ्यासांत त्याला पुरावा मिळाला नाही, आणि पार्काच्या बाहेर लोलिओंडोच्या बाजूला रानकुत्रे जगत होते हेही कळलं. २०१२ पासून तिथलेच कळप पकडून सेरेंगेटीत सोडायला सुरुवात झाली. तरी ज्यांनी त्या कुत्र्यांसाठी आयुष्य दिलं, त्यांनी तो आरोप ऐकत काढलेल्या रात्रींचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज गोळी घालणारे कमी झालेत, तरी संख्या वाढत का नाही? जागा. एका कळपाला कित्येक शे चौरस किलोमीटर लागतात, कधी हजाराच्या वर. कुंपण, रस्ता, गाव, काहीतरी आडवं येतंच. रस्त्यावर गाडी, गावात पिसाळ रोग, आणि जंगलात फास. हे तारेचे फास यांच्यासाठी लावलेलेही नसतात, कुणीतरी मटणासाठी हरणाला लावलेले असतात. झिम्बाब्वेत ह्वांगेजवळ 'पेंटेड डॉग कन्झर्व्हेशन' ही संस्था १९९०च्या दशकापासून काम करते. त्यांनी आधी नावच बदललं. 'जंगली' नाही, 'रंगीत' म्हणा. गावातली माणसं जंगलातून फास गोळा करतात, त्याच तारांतून छोटी शिल्पं करून विकतात, आणि शाळेतली मुलं तिथे शिबिराला येऊन राहतात. आंतरराष्ट्रीय लाल यादीच्या अंदाजानुसार साऱ्या आफ्रिकेत ६,६०० प्रौढ रानकुत्रे आहेत, तेही ३९ तुटक गटांत. त्यातले प्रत्यक्ष प्रजननात असलेले साधारण १,४००.

एक चांगली बातमी मोझांबिकची, जिथून टेमिंकचा तो पहिला नमुना गेला होता. तिथे १९७७ ते १९९२ यादवी चालली आणि गोरोंगोझाचं जंगल जवळजवळ रिकामं झालं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १४ रानकुत्रे आणून तिथे सोडले. त्यांना पिल्लं झाली, पुढे आणखी कळप आले.

हे वाचताना आपल्या कोळसुंद्यांची आठवण येत राहिली. आजी सांगायची, की कोळसुंदे शेपटीवर मूत घेऊन वाघाच्या डोळ्यांत उडवतात आणि त्याला आंधळा करतात. म्हणजे बदनामीत आपणही मागे नाही. ब्रिटिश अमलात आपल्याकडेही त्यांना मारायला बक्षीस मिळे, १९७२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आलं. आज जगात प्रजननक्षम कोळसुंदे ९४९ ते २,२१५ एवढेच असावेत, असा अंदाज आहे. आणि ताडोबात ते दिसले की आपण ड्रायव्हरला काय म्हणतो? "चला पुढे, वाघ दाखवा."

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. क्रुगरमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अधूनमधून रानकुत्र्यांची शिरगणती होते, आणि ती होते पर्यटकांच्या फोटोंवरून! प्रत्येकाचे पट्टे वेगळे, म्हणून फोटो, जागा आणि तारीख कळवली की कोण जिवंत, कोण नवीन, कुठल्या कळपातला, हे जुळवता येतं. त्या एवढ्या जंगलात सिंह हजाराच्या वर आणि ही मंडळी जेमतेम काही शे. आम्ही तिथे दहा मिनिटं थांबून चार धड फोटो काढले असते, तर कुणाच्या तरी नोंदवहीत त्यांची भर पडू शकली असती. आमच्याकडे आहे तो हललेला एक. त्यात झाडाच्या सावलीत मला सहाच मोजता येतात.

आई जाऊन आता पाच वर्षं झाली. सीडीबरोबर त्याच पिशवीत तिची प्रवासाची वही निघाली. रोजचा खर्च, काय जेवलो, कुठला प्राणी दिसला. त्या दिवसाच्या पानावर हत्ती-जिराफांखाली एक ओळ आहे: 'कुत्री ११, त्यांत लहान ४. एकाचा कान फाटका. कुणाची ते कळले नाही.'

दोन मिनिटांत तिने मोजली होती. फाटक्या कानासकट.