सचिव कोण आणि वहीवाली कोण

गटाचं खातं उघडायला आम्ही गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "सचिव कोण?" कुणीच पुढे झालं नाही. जी सचिव होती, तिला आम्ही 'वहीवाली' म्हणत होतो!

हा 'सचिव' राज्यकारभारात आला कसा? १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तोवर दरबारी कागदांत फारसी शब्दांची गर्दी होती. महाराजांनी प्रधानांची नावं बदलली. सुरनीस होता तो सचिव झाला, मुजुमदार अमात्य, डबीर सुमंत. शिवाय रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्यात फारसी शब्दापुढे संस्कृत शब्द दिलेला.

पण कोशात घातला म्हणून शब्द तोंडी बसतोच असं नाही. सचिव टिकला, तरी अर्ज, जमीन, तारीख, वसूल हे फारसीच्या वाटेनं आलेले शब्द कुठे हलले? ते आता आपलेच.

पुढे १८३१ मध्ये मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. शब्द जमवायला त्यानं ब्राह्मण शास्त्री नेमले होते. जात्यापाशी, चुलीपाशी ऐकायला कोण बसलं असेल? आम्हाला हे खटकतं.

दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून निघू लागला. त्यात 'बचत गट' शोधू नका. तेव्हा आपले गटच नव्हते. तो शब्द आधी पासबुकावर आला.

परवाच्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला. सहीखाली लिहिलंय: सचिव, आणि कंसात वहीवाली.