फ्लोरोप्लॅस्टिक : एका नावाचा इतिहास

भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड. पूर्वी या मुलखाची ओळख रांजणगावच्या महागणपतीवरून आणि दौंडच्या रेल्वे जंक्शनवरून होत असे. आता रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि कुरकुंभची रासायनिक वसाहत यांची तीत भर पडली आहे. या वसाहतींत द्वारसभा घेण्यात आमची बरीच वर्षे गेली. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिलेले नाही. रसायनशास्त्र शिकलो ते पिंपांवरील चिठ्ठ्या वाचून आणि कामगारांची गाऱ्हाणी ऐकून.

असेच एक गाऱ्हाणे घेऊन एका लहान वर्कशॉपातील टर्नर आमच्याकडे आला. लेथवर पांढरे बुश कातण्याचे त्याचे काम. संध्याकाळी घरी गेला की थंडी वाजून ताप भरे, छाती जखडे. एकदोन दिवसांत आपोआप उतार पडे. हिवतापाची औषधे घेऊन झाली, गुण नाही. माल कसला, असे विचारले तर पावतीवर एवढेच लिहिलेले : प्लॅस्टिक. कोणते प्लॅस्टिक, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते नाव शोधता शोधता आम्हाला जो इतिहास कळला, तो आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

फ्लोरिन हे मूलद्रव्य इतके दाहक, की ते वेगळे करण्याच्या खटपटीत कित्येक संशोधक जायबंदी झाले, काही प्राणासही मुकले. अखेर १८८६ मध्ये फ्रान्समध्ये आंरी म्वासां यांना यश आले. त्याबद्दल १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. परंतु हेच दांडगे मूलद्रव्य कार्बनशी एकदा जोडले गेले, की बंध असा घट्ट बसतो की सहसा कोणाला दाद देत नाही.

६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे, ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत, रॉय प्लंकेट शीतक वायूंवर काम करीत होते. टेट्राफ्लोरोएथिलीन वायूच्या एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू येईना. वजन मात्र कायम. नळकांडे कापून पाहिले, तो आत मेणचट पांढरी भुकटी. वायूचे रेणू एकमेकांत गुंफून त्यांची साखळी झाली होती. मराठी विश्वकोश अशा साखळीस बहुवारिक म्हणतो. युद्धकाळात अणुबाँबच्या कामी लागणाऱ्या युरेनियमच्या दाहक वायूपुढे ही वस्तू टिकली. १९४५ मध्ये तिचे व्यापारी नाव नोंदविले गेले : टेफ्लॉन. पुढे १९५६ मध्ये फ्रान्समध्ये टेफाल कंपनी निघाली आणि ही वस्तू तव्यावर चढून स्वयंपाकघरात आली.

येथेच घोटाळ्यास आरंभ झाला. टेफ्लॉन ही कंपनीने नोंदविलेली छाप. ते पदार्थाचे शास्त्रीय नाव नव्हे. शास्त्रीय कुळाचे नाव फ्लोरोप्लॅस्टिक. अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेच्या व्याख्येप्रमाणे, ज्या प्लॅस्टिकच्या मूळ घटकात फ्लोरिनचा निदान एक अणू असतो, आणि इतर घटक मिसळले असल्यास हा फ्लोरिनचा घटक वजनात सर्वांहून अधिक असतो, ते फ्लोरोप्लॅस्टिक. केवळ कार्बन आणि फ्लोरिन यांचेच बनलेले असेल तर त्यास फ्लोरोकार्बन प्लॅस्टिक हे अधिक नेमके नाव आहे. फ्लोरोपॉलिमर हा शब्द याहून व्यापक. त्यात फ्लोरिनयुक्त रबरही येते. रशियनांनी तर नावातच हिशेब ठेवला : मूळ रेणूत फ्लोरिनचे चार अणू, तर फ्तोरोप्लास्त-४, दोन, तर फ्तोरोप्लास्त-२.

हा पंडिती काथ्याकूट नव्हे. फ्तोरोप्लास्त-४ म्हणजे पीटीएफई, आपले नित्याचे टेफ्लॉन. ते २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकते आणि तीव्र आम्ल व अल्कली दोन्हींना पुरते. फ्तोरोप्लास्त-२ म्हणजे पीव्हीडीएफ. त्याची मर्यादा सुमारे १५० अंश, आणि गरम कॉस्टिक त्यास तडे पाडते. रासायनिक कारखान्यातील फिटरने 'टेफ्लॉनसारखेच आहे' असे म्हणून एकाच्या जागी दुसरे गॅस्केट बसविले, तर जोड गळतो आणि कॉस्टिक त्याच्याच अंगावर उडते.

आता त्या टर्नरचे. त्याचे बुश पीटीएफईचे होते. हा पदार्थ एरवी निरुपद्रवी. परंतु ३५० अंशांपुढे तापत गेला की त्यातून विषारी धूर सुटतो. कातकामाचा भुगा त्याच्या बोटांना लागे, बोटांवरून विडीला, आणि विडीच्या निखाऱ्यावर तो जळे. या तापाची नोंद वैद्यकाने १९५१ मध्येच केलेली आहे. कातशाळेत विडी बंद झाली, हात धुण्यास साबण आला, आणि ताप पुन्हा आला नाही.

भोपाळमध्ये १९८४ साली वायुकांड झाले. त्यानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम घालण्यात आले, की धोकादायक कामातील धोक्यांची माहिती मालकाने कामगारांना द्यावी. हजारो माणसे मेल्यावर हे शहाणपण कायद्यात उतरले. माहितीचा आरंभ नावापासून होतो. पगाराच्या चिठ्ठीवर कामगाराचे नाव चुकले तर तो भांडतो. हाताखालच्या मालाचे नाव चुकले तरीही त्याने तितक्याच हट्टाने भांडले पाहिजे.